डावीकडे एक अर्धी ओळ जास्त

आधी तुमच्या तोंडानं एवढं सांगा, स्वेटरचा गळा तुम्हाला कोणी शिकवला?

फोटोला हार घातल्यावर बायका नवऱ्याविषयी काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे. देवमाणूस होते, कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तेरवीला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मला तेच ऐकवलं आणि मी मान हलवत राहिले. पण तुम्ही देवमाणूस नव्हता. तुम्ही खोटं बोलत होता, आणि शेवटी शेवटी तर फार सफाईनं बोलत होता. आता पाहुणे गेले, मागून आणलेल्या सतरंज्या परत गेल्या, निखिल मिहानमधल्या त्याच्या कंपनीत जायला लागला. दुपारी सूनबाई तिच्या खोलीत लॅपटॉपवर काम करते आणि मी इथे कूलरसमोर बसते, मांडीवर तुमचा राखी स्वेटर घेऊन. चैत्राच्या उन्हात लोकरीला हात लावणारी नागपुरात मी एकटीच असेन. म्हटलं, आपलं दोघांचं जे राहिलं आहे ते बोलून घेऊ.

तुम्ही मला 'खुफिया खातं' म्हणायचे. दूधवाल्याचं माप, भाजीवाल्याचा काटा, ऑटोवाल्याचा लांबचा रस्ता, सगळ्यांवर माझी नजर. शाळेत शिकवत असताना फळ्याकडे तोंड करून मी कॉपी करणारं पोर ओळखायची. "तुह्या संशयाले पगार असता तं आपला बंगला झाला असता," हे तुमचं आवडतं वाक्य. हसायचे तुम्ही, आणि मीही हसायची. पण हसताना माझ्या मनात असायचंच की ज्या माणसाला दुसऱ्याच्या संशयाचं एवढं हसू येतं, त्याच्याकडे लपवायला काहीतरी असणार.

होतंच.

दोन पावसाळ्यांपूर्वी तुमच्या उजव्या अंगाला झटका आला. पाय लवकर सुधारला, हात मागे राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला तेव्हा तुम्ही तो कपाटावर फेकला. "चेंडू दाबत बसाले मी काय नर्सरीतला पोरगा आहो?" आयुष्यभर पाटबंधारे खात्यात बसून कालव्यांचे नकाशे काढलेला माणूस तुम्ही, बोटं वळेनात म्हणून आतून किती चिडला होता ते मला दिसत होतं. तेवढं दिसत होतं, पुढचं दिसलं नाही, तिकडे येते. मी निखिलच्या पोरीसाठी टोपरं विणत बसले होते. तुम्ही बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दे वं ते इकडं. सुई काय न् पेन्सिल काय, पकड तं सारखीच."

तुम्हाला विणायला शिकवलं ते दिवस मी विसरणार नाही. सुलट टाका, उलट टाका, दोनच गोष्टी, पण एवढा शिकलेला माणूस जीभ बाहेर काढून त्या दोन गोष्टींशी झटत होता. तुमचा पहिला मफलर एका टोकाला वीतभर आणि दुसऱ्या टोकाला हातभर रुंद झाला. "हा कन्हान नदीचा नकाशा आहे, इथं तिले उपनदी भेटली," असं तुम्ही निखिलला गंभीरपणे समजावून सांगितलं. चेंडूनं जे झालं नसतं ते त्या सुयांनी केलं. हळूहळू तुम्ही चहाचा कप उजव्या हातात धरायला लागले. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तुम्हाला सांगितलं नाही. म्हणजे लपवाछपवी अगदी एकतर्फी नव्हती, हे कबूल.

मग तुम्ही स्वेटर काढला. सीताबर्डीवरून राखी लोकर आणली, कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाले, "माह्यासाठी. तुह्या हातचे घालून घालून मान थंडीनं आखडली."

यात खोटं काही नव्हतं. माझे गळे बिघडतात हे या घरातलं जुनं दुखणं. मी पाठ आणि पुढचा भाग सारखाच विणते, वरून सरळ टाके बंद करते आणि पट्टी लावते. माणसाची मान काही अशी सरळ नसते. म्हणून माझा स्वेटर घातला की मागून उतरतो आणि पुढून गळ्याशी येतो, मानेला वारा आणि घशाला फास. निखिल लहानपणी शाळेच्या प्रत्येक फोटोत स्वेटर पुढून खाली ओढताना दिसतो. यावर उपाय आहे, आणि तो माझ्या आईला येत होता. पाठीचा भाग खांद्यापर्यंत आला की ती ओळ शेवटपर्यंत न्यायचीच नाही. मध्येच काम उलटवायची, मागे यायची, पुढच्या खेपेला दुसरीकडून तसंच. अशा अर्ध्या ओळी दोन्ही बाजूंनी विणल्या की मानेमागे लोकरीची एक कोर वाढते आणि गळा मागून वर, पुढून खाली बसतो. परतताना शेजारच्या टाक्याला लोकरीचा एक वेढा द्यायचा असतो, तो चुकला की तिथे भोक पडतं. माझी नेहमी भोकंच पडली. "तुले सबुरी नाही," म्हणून आईनं मला शिकवायचं सोडलं आणि माझ्या मोठ्या बहिणीला, मालूताईला शिकवलं.

तुमचा स्वेटर गळ्यापर्यंत आला तो दिवाळीनंतर. आणि त्याच वेळी तुम्हाला बगीचा आठवला. बुधवारी आणि शनिवारी चार वाजले की टोपी घालून तयार. "चालून येतो, डॉक्टर म्हणे चालत जा." कापडी पिशवी कशाला बगीच्यात? तर म्हणे पाण्याची बाटली. मी तुम्हाला गॅलरीतून जाताना पाहायची आणि तुम्हीही कोपऱ्यावरून न चुकता हात हलवायचे. बगीचा डावीकडे, तुम्ही वळायचे उजवीकडे. इथेच पाणी मुरायला लागलं.

मग एकेक दिसत गेलं. बगीच्यात धूळ असते, तुमच्या चपला स्वच्छ. चालून आलेल्या माणसाला भूक लागते, तुम्ही संध्याकाळचा चहाही नको म्हणायचे. एकदा बोटांना कोथिंबीर भरलेल्या सांभारवडीच्या तेलाचा वास. "कुठं खाल्ली?" म्हणून विचारलं तर, "अरे, गाडीवाल्याकडं," म्हणाले. मी काय नागपुरात काल आले का? गाडीवरच्या सांभारवडीत खसखस नसते. तुमच्या मिशीत होती.

हसू नका. या वयात कसला संशय, असं म्हणणाऱ्यांना संशय म्हणजे काय तेच माहीत नाही. तो वय विचारत नाही. मी तुमच्या बगीच्यातल्या मित्राला फोन केला, "हे आहेत का हो तिथं?" तर तो म्हणाला, "होते, होते, आत्ताच निघाले." इतक्या घाईनं बोलला की मला कळलं, याला पढवलेलं आहे. उंदराला मांजर साक्ष. मी बगीच्यात योगाला येणाऱ्या बाया मनात आणून पाहिल्या. लोकरीच्या दुकानात बसणारी ती गोरी बाई आठवली, जिला तुम्ही 'मॅडम' म्हणायचे. मला तर तुम्ही जन्मात कधी मॅडम म्हटलं नाही. मी तुमचा फोन पाहिला. खिसे पाहिले. खिशात राखी लोकरीचे तुकडे, बस. पकडण्यासारखं काही नव्हतं आणि त्यानंच माझा संशय वाढला, कारण निष्काळजी माणसाच्या खिशात काहीतरी सापडतंच.

संक्रांतीच्या सुमारास स्वेटर पूर्ण झाला. तुम्ही घालून आरशासमोर उभे राहिले आणि मी मागून पाहिलं. गळा मानेला असा लागून बसला होता, जसा माझ्या कोणत्याच स्वेटरचा बसला नाही.

"हे कसं जमलं तुम्हाला?"

"यूट्यूबवर पाहिलं."

"तुम्हाला निखिलचा व्हिडिओ कॉल उचलता येत नाही."

"कॉल वेगळा, यूट्यूब वेगळं. तुले नाही समजणार वं." आणि ताकास तूर लागू न देता तुम्ही पेपर उघडला.

यावर आपलं भांडण झालं नाही हेच वाईट झालं. मी ठरवलं होतं, होळी झाली की विचारीन, सरळ, समोर बसवून. तोपर्यंत पुरावा जमवत होते. पुरावा तर अंगावरच होता. थंडी संपली तरी तुम्ही स्वेटर काढेनात. ऊन तापायला लागलं, रस्त्यावर रसवंत्या लागल्या, आणि तुम्ही घरात राखी स्वेटर घालून. "घाम येऊन राहिला, काढा," म्हटलं की "मले बरं वाटते." मला काय वाटायचं ते आता सांगून टाकते. वाटायचं, जिनं शिकवलं तिची आठवण अंगावर घेऊन फिरतो आहे हा माणूस, माझ्यासमोर, माझ्याच घरात. त्या स्वेटरला मी सवतीसारखं पाहायची.

होळीनंतर विचारायचं होतं. होळीच्या आधीच तुम्ही दुपारी आडवे झाले आणि उठले नाही. हृदय, म्हणाले डॉक्टर. सूनबाईनं सांगितलं की झोपेत काहीच कळलं नसेल. मी तुमच्या पायाशी बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, की आता हा माणूस सांगणार नाही. दुःख होतंच, खूप होतं, अजून आहे. पण त्या दुःखात राग मिसळलेला होता. माझी परवानगी न घेता तुम्ही उठून गेले होते, उत्तर न देता.

त्या दिवशी मालूताई आली. ज्यांना आमचं माहीत नाही त्यांनी मान डोलावली, बहीण आली म्हणून. तुम्हाला माहीत होतं की आम्ही दोघी लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर 'बरी आहेस?' यापलीकडे बोलत नाही. शेवटी आई इथेच, महाल भागात, ताईकडे राहत होती. आजारी होती, मी फोन केला, ताई म्हणाली, "आई झोपली आहे, उद्या ये." उद्या सकाळी निरोपच आला. आईचं शेवटचं बोलणं तिनं एकटीनं घेतलं, मला मुद्दाम येऊ दिलं नाही, असं मी आईच्या तेरवीला सगळ्यांसमोर म्हणाले. ती स्वयंपाकघरात निघून गेली. तुम्ही किती वर्षं म्हणत होता, "एकदा विचार तिले." मी म्हणायची, विचारायचं काय, मला माहीत आहे.

तर ताई आली आणि रडली. मेहुण्यासाठी कोणी इतकं रडतं? मी, बायको, कोरड्या डोळ्यांनी बसलेली आणि ही ओक्साबोक्शी. मग मी तिला पाहिलं. खुंटीवर तुमचा स्वेटर टांगला होता. जाताना तिनं त्याच्या गळ्याला मागच्या बाजूनं हात लावला, आतून, बोटं घालून, जशी आपण आपलंच काम तपासतो. इतर कोणी पाहिलं नाही. माझ्या नजरेतून सुटलं नाही.

तेरवी होईपर्यंत मी दम धरला. मग दुपारी स्वेटर आणि कात्री घेऊन बसले. सूनबाई पाणी प्यायला बाहेर आली आणि तिथेच थांबली.

"आई, काहून उसवून राहिल्या? बाबांच्या हातचं एकच आहे ते."

"लोकर धुवायची आहे," म्हटलं. तुमची बायको आहे शेवटी.

विणणारा काय बोलतो ते खोटं असू शकतं, विणलेलं खोटं बोलत नाही. गळ्याची पट्टी सोडवली, खांद्यांची शिवण कापली, पाठीच्या वरच्या कडेला टोक सापडलं आणि ओढलं. लोकर सरसर यायला लागली आणि मध्येच वळली. परत आली, पुन्हा वळली. आईच्या अर्ध्या ओळी. कूलरचा वारा असून मला घाम फुटला. मी थांबायला हवं होतं, पण मला खात्री करायची होती. ओढत गेले. उजवीकडून जितक्या ओळी परतल्या होत्या, डावीकडून त्याहून एक जास्त.

ही जास्तीची ओळ जगात एकाच घरची. आमचे बाबा रामटेकला पोस्टमन होते. थैली वाहून वाहून त्यांचा उजवा खांदा उतरला होता. आई त्यांच्या स्वेटरला डावीकडे एक अर्धी ओळ जास्त घालायची, म्हणजे डावी बाजू चढती राही आणि उजवीकडे झोळ पडत नसे. ताई हे पाहून शिकली आणि तिला वाटलं गळा असाच करतात. तिच्या पोरांचे खांदे सरळ असून सगळ्यांना डावीकडे एक जास्त. मी यावरून तिची किती थट्टा केली होती. ती चूक आता तुमच्या स्वेटरमध्ये माझ्या मांडीवर होती.

म्हणजे बाई नव्हतीच. मॅडम नव्हती, योगवाली नव्हती. बुधवार आणि शनिवार तुम्ही माझ्या बहिणीच्या घरी सांभारवड्या खात होता, जिच्याशी मी बोलत नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. मला त्याहून जास्त राग आला. परक्या बाईकडे गेला असता तर एकवेळ समजले असते.

आणि आता हात दाखवून अवलक्षण झालं होतं. सगळ्या अर्ध्या ओळी उसवून झालेल्या, टाके सुईवर उघडे. पुन्हा विणायला बसले तर दोन्ही बाजूंनी भोकं. पुन्हा उसवलं, पुन्हा भोकं. तुमच्या हातचं जे एकच राहिलं होतं ते मी माझ्या हातानं मोडलं होतं, आणि ते जोडायला जगात एकच बाई होती. संध्याकाळपर्यंत मी त्या उघड्या टाक्यांकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी ऑटो केला.

ताई एकटीच असते आता. तिनं दार उघडलं आणि मी जणू काल येऊन गेले असावे तशी म्हणाली, "ये. चप्पल आत काढ, बाहेरून कुत्रं नेते."

मी पिशवीतून स्वेटर काढून तिच्यापुढे ठेवला. ती खाली बसली.

"उसवला?"

"हो."

"काहून?"

"पाहायचं होतं, कोणी शिकवला ते."

"मंग? दिसलं?"

"दिसलं. डावीकडं एक जास्त. आईचं तेच धरून बसली आहेस तू अजून. बाबांचा खांदा उतरला होता म्हणून आई घालायची. ह्यांच्या स्वेटरात कशाला?"

ताईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "पोरायच्या स्वेटरात मी कधीचंच सोडलं ते. तू येते कुठं पाहाले," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "कुंदा, तुले खरंच दिसलं नव्हतं?"

"काय?"

"जवाईबुवांचा खांदा. उजवा. दिवाळीपासून उतरत चालला होता."

बनियनवर तुम्ही मला शेवटचे कधी दिसले होते, ते आठवायला लागले आणि आठवेना. अंघोळीहून कुर्ता घालूनच बाहेर यायचे तुम्ही. थंडी म्हणून शाल. मग स्वेटर, होळीपर्यंत. शेवटची अंघोळसुद्धा तुम्हाला पुरुषांनी घातली. चपलांची धूळ मी पाहिली, मिशीतली खसखस पाहिली, आणि रोज ज्या माणसाला ताट वाढत होते त्याचा एक खांदा खाली आला आहे हे मला दिसलं नाही.

"ते इथं आले ते गळा शिकाले नव्हते आले," ताई म्हणाली. "माह्यापुढं उभे राहिले न् म्हणे, ताई, तुमच्या बाबांचा खांदा तुमची आई कशी झाकत होती? कुंदा सांगत असते. तसं काही मले करून द्या. मी म्हटलं, मी विणून देते. तर नाही म्हणे, तिले तुमचा हात ओळखू येईन, मलेच शिकवा."

"आणि तू शिकवलंस. मला एक फोन नाही केलास."

"त्यायनं शपथ घातली. म्हणे, पहिल्या वेळी ती मयनाभर झोपली नाही. माह्या नाकाशी हात धरून बसत होती. खांदा दिसला तं पुन्हा तसंच करन. आता मले तिले झोपलेलं पाहू द्या."

"डॉक्टरला दाखवलं होतं?"

"मीच घेऊन गेली होती ऑटोनं. तो म्हणे, पहिल्या झटक्यानंच कमजोर झालेला आहे, मालिश करा. छातीचं त्यात काही नव्हतं."

"कोणता डॉक्टर?"

तिनं नाव सांगितलं. मी जाऊन विचारून येणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. तुम्हा दोघांच्या शब्दावर मी विश्वास ठेवणार नाही.

मग मी तिला म्हणाले की तुम्ही लोक माझ्याशीच असं का करता. एकदा आईच्या वेळी, आता ह्यांच्या वेळी. प्रत्येक वेळी दार तुझं आणि बाहेर मी. ताई उठून पाणी घेऊन आली, माझ्यापुढे ठेवलं आणि उभ्या उभ्याच बोलली.

"आईचं तोंड वाकडं झालं होतं त्या दिवशी. लाळ गळत होती. तुह्या फोनची घंटी वाजली तशी तिनं हातानं खूण केली, नाही म्हणून. तुले दाखवायचं नव्हतं तिले. मले वाटलं, रातभरानं उतरन, सकाळी बोलावू."

"हे तू आज सांगून राहिली?"

"तू विचारलं कुठं? तू तं सगळ्यांपुढं निकालच देला."

खरं बोलत असेल का ती? तुम्ही असता तर म्हणाले असते, "आता तरी पुरे कर वं." पण मी विचार केला, अजून करते आहे. आई तशी होतीच. आरशात केस नीट झाल्याशिवाय दारात न येणारी. आणि तुम्हीही तसेच. ज्यांना माझ्यासमोर चांगलं दिसायचं होतं ते सगळे ताईकडे गेले, आणि ताईनं सगळ्यांचं वाईट पाहिलं. तिच्या वाट्याला ते आलं म्हणून मी तिचा हेवा करत बसले होते. अर्धं पटलं मला. उरलेलं अर्धं पटायला वेळ लागेल, आणि तो वेळ मी घेणार आहे.

तुमच्यावरचा राग मात्र गेलेला नाही. माझी झोप वाचवायला तुम्ही चैत्र तोंडावर आला तरी लोकर घालून बसले, घामाघूम. त्याची शिक्षा म्हणून मी आता जागीच असते. तुम्ही दाखवायला हवं होतं. मी नाकाशी हात धरून बसले असते तर बसले असते, तुमचं काय जात होतं? तुमच्या उतरलेल्या खांद्याला एकदा तरी मालिश केलं असतं. ते माझं होतं आणि तुम्ही ते मला दिलं नाही. पण एक सांगते, रागातच सांगते. ज्या माणसाच्या बोटांना पेन्सिल धरता येत नव्हती, त्यानं माझ्या नजरेला फसवण्यासाठी एवढं अवघड काम शिकून घेतलं. माझी नजर तुम्ही इतकी मोठी मानत होता हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

ताईनं सुया हातात घेतल्या. मी शेजारी बसले. ती हळू विणत होती, परतायची जागा आली की थांबायची, वेढा कसा द्यायचा ते दाखवायची, आणि पुढची ओळ माझ्या हातात द्यायची. माझं पहिलं भोक पडलं. तिनं ते उसवलं आणि मला वेढा पुन्हा द्यायला लावला. दुसरं भोक पडलं नाही.

शेवटी डावीकडची ती ओळ राहिली. ताई थांबली.

"घालणार कोण हे आता?"

"मी."

"तुहे खांदे तं सरळ आहेत. मंग ही जास्तीची नको. सोडून देऊ?"

"नको," म्हटलं. "घाल."

"अंगावर वाकडा बसन, कुंदा. लोक विचारतीन."

विचारू देत. येत्या थंडीत हा स्वेटर घालून मी बाजारात जाईन, बगीच्यात जाईन, आणि जो कोणी विचारेल त्याला सांगेन की माझ्या नवऱ्याचा उजवा खांदा उतरला होता.